वाघोलीपर्यंत मेट्रो येईल. घरापासून मेट्रोपर्यंत काय?

25 जून 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुणे मेट्रोच्या दोन वाढीव मार्गांना मंजुरी दिली. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोलीमार्गे विठ्ठलवाडी असे हे दोन मार्ग आहेत. दोन्ही मिळून 12.75 किलोमीटर आणि 13 स्थानकं, खर्च 3,626.24 कोटी रुपये, मुदत चार वर्षं. यातली 11 स्थानकं रामवाडीच्या पुढे, नगर रोडच्या बाजूला आहेत. रोज सकाळी वाघोलीतल्या केसनंद फाट्यावर अडकणाऱ्या माणसाला ही बातमी वाचून हायसं वाटलं असेल, आणि ते साहजिकच आहे.

नगर रोडच्या बातम्या एवढ्यावर थांबत नाहीत. येरवड्यापासूनची बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, टप्प्याटप्प्याने उखडली गेली. चौक बंद करून पुढे यू-टर्न देण्याचे प्रयोग झाले. शिरूरपर्यंत सुमारे 54 किलोमीटरचा उन्नत मार्ग बांधायचं ठरतंय. गावाबाहेरच्या रिंग रोडचं काम निघालंय. प्रत्येक बातमी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या खात्याकडून येते, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की या सगळ्यातून माझा सकाळचा सव्वा तास कमी होणार का?

ते कशावर अवलंबून आहे, हे या लेखात बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. मेट्रो हवीच आहे. पण ती सुरू होण्याआधीची ही चार वर्षं मेट्रोच्या खांबांइतकीच आजूबाजूच्या गल्ल्या, फुटपाथ आणि बसवर खर्च झाली नाहीत, तर वाघोलीचा माणूस मेट्रोच्या सावलीतून दुचाकीवरच ऑफिसला जाईल.

## एकाच रस्त्यावर दोन कामं

नगर रोड मुळात पुण्याहून अहिल्यानगर आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांचा माल यावरून जातो. मराठवाड्याकडच्या एसटी यावरून जातात. वाघोली परिसरातल्या खाणींचे डंपर यावरूनच शहरात शिरतात. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे न थांबता पुढे जाणं.

गेल्या वीसेक वर्षांत याच रस्त्याच्या कडेने शहर वाढत गेलं. आधी विमाननगर आणि चंदननगर, मग आयटी पार्कची खराडी, मग वाघोली, आणि आता लोणीकंदच्या दिशेने. इथे राहणाऱ्यांची गरज नेमकी उलटी आहे. त्यांना थांबायचं असतं. मुलाला शाळेत सोडायचं, भाजी घ्यायची, रस्ता ओलांडून दवाखान्यात जायचं, बस पकडायची.

जुन्या वाड्यात कधीकधी माजघरातूनच परसदाराची वाट असे. घरातली माणसं तिथेच जेवायची, मुलं तिथेच अभ्यास करायची आणि पाण्याची घागर घेऊन येणारा गडीही तिथूनच जायचा. माजघर कितीही मोठं केलं तरी गोंधळ संपत नसे, कारण अडचण जागेची नव्हतीच. दुसरी वाट नव्हती, ही अडचण होती. नगर रोडचं तसंच आहे. वाघोलीतल्या एका सोसायटीतून अर्ध्या किलोमीटरवरच्या दुसऱ्या सोसायटीत जायचं तरी आधी महामार्गावर यावं लागतं, कारण मधून रस्ताच नाही. म्हणजे गावातल्या गावात फिरणारी माणसंही महामार्गावर गर्दी करतात, आणि ट्रक त्यांच्यामधून वाट काढतो.

हे नुसतं गैरसोयीचं नाही, जिवावर बेतणारं आहे. डिसेंबर 2024मध्ये केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. दोन चिमुकल्यांसह तिघांचा जीव गेला. चालकाचा गुन्हा चालकाचाच. पण अवजड वाहनं आणि फुटपाथवरचा संसार यांच्यात हातभराचं अंतर राहतं, हे नियोजनाचं अपयश आहे.

## बहुपर्यायी वाहतूक म्हणजे काय?

नियोजनाच्या भाषेत अशा लांबट पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात. कॉरिडॉर म्हणजे नुसता डांबरी रस्ता नाही. रस्ता, त्याला समांतर जाणाऱ्या वाटा, त्याला येऊन मिळणारे फाटे आणि दोन्ही बाजूंची वस्ती, हे सगळं मिळून कॉरिडॉर होतो. या पट्ट्यात पायी, सायकल, रिक्षा, बस, मेट्रो, खासगी गाडी आणि ट्रक या सगळ्यांची एकत्र आखणी करणं आणि एकातून उतरून दुसऱ्यात बसणं सोपं करणं, याला बहुपर्यायी नियोजन म्हणायचं. एवढ्या दोन संज्ञा पुरेत.

यात ‘एकत्र’ हा भाग सर्वांत अवघड आहे. मेट्रो, पूल, बस हे प्रत्येक काम आपापल्या जागी चांगलं असू शकतं आणि तरीही सगळी मिळून फसू शकतात. याचं पुण्यातलं उदाहरण अजून ताजं आहे. विद्यापीठ चौकात कोंडी फोडायला उड्डाणपूल बांधले. पुढे हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो त्याच चौकातून न्यायची ठरली आणि ते पूल आड आले. 2020मध्ये ते पाडून तिथे मेट्रोसह नवा दुमजली पूल घ्यावा लागला. पूल बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पंधरा वर्षांनी त्या चौकातून काय काय जायचं आहे, हे एकत्र बसून कोणी कागदावर मांडलं नव्हतं. पुणेकरांनी मात्र त्या चौकात बांधणं, पाडणं आणि पुन्हा बांधणं अशी तिन्ही कामं सोसली.

## एका लेनमधून किती माणसं जातात?

थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावरच्या एका लेनमधून तासाला साधारण आठशे मोटारी जातात असं धरा. मोटारीत सरासरी दीड माणूस असतो, म्हणजे तासाला बाराशे माणसं. पुण्यात दुचाकी जास्त आहेत आणि दुचाकी जागा कमी घेते. सगळ्या दुचाकीच धरल्या, तर सोळाशे दुचाक्यांवरून दोन हजारांच्या आसपास माणसं जातील. दुचाकी पुणेकराला का सोयीची वाटते हे यातून कळतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता तीच लेन बसला द्या. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये पन्नास माणसं धरली, तर तासाला तीन हजार माणसं गेली, आणि दोन बसच्या मधली लेन रिकामीच राहिली. मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने नऊशेच्या पुढे माणसं मावतात. दर सहा मिनिटांनी गाडी सोडली तर एका दिशेने तासाला नऊ हजार.

केंद्र सरकारच्या 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं सूत्र हेच होतं की वाहनांना नव्हे, माणसांना प्राधान्य द्या. धोरण कागदावर येऊन वीस वर्षं होत आली. तरी ‘रिकामी’ दिसणारी बसची लेन बघून आपल्याला राग येतोच.

## सगळं गणित पहिल्या किलोमीटरवर अडतं

मेट्रोची क्षमता नऊ हजार असली, तरी तिच्यापर्यंत नऊ हजार माणसं पोहोचली पाहिजेत. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आव्हाळवाडी रस्त्यावर किंवा केसनंद रस्त्यावर, महामार्गापासून दीड किलोमीटर आत राहणारं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा. दीड किलोमीटर चालायला वीस मिनिटं लागतात, तीही फुटपाथ सलग असेल तर. इथे फुटपाथ मध्येच संपतो, मग उघडं गटार, मग उभी केलेली टेम्पो-ट्रॅव्हलर, आणि पावसाळ्यात चिखल. शेअर रिक्षा भरेपर्यंत हलत नाही. बस कधी येईल सांगता येत नाही. मग घरातून दुचाकी निघते. आणि एकदा किल्ली फिरवली की माणूस स्थानकावर पार्किंग शोधत बसत नाही, थेट ऑफिसच्या गेटवर उतरतो. मेट्रो डोक्यावरून धावत असते आणि त्याच्या प्रवासात तिचा काही संबंधच उरत नाही.

माणसं मेट्रोसाठी साधारण 500 ते 800 मीटर आनंदाने चालतात. 800 मीटरची त्रिज्या धरून स्थानकाभोवती वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे 2 चौरस किलोमीटर परिसर येतो. पण माणूस नकाशावरच्या सरळ रेषेने चालत नाही. मध्ये सोसायट्यांच्या लांबच लांब कुंपणभिंती आहेत, मोकळे पत्रे मारलेले प्लॉट आहेत, ओढा आहे. समजा या वळशांमुळे 800 मीटर चालून प्रत्यक्षात 400 मीटरच अंतर कापलं जातं. मग त्या स्थानकाच्या चालण्याच्या टप्प्यात उरतो फक्त अर्धा चौरस किलोमीटर. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, हे शाळेत शिकलेलं गणित आहे. करोडो रुपयांचं स्थानक उभं राहिलं आणि त्याचे पाऊणपट संभाव्य प्रवासी एका भिंतीने हिरावून घेतले.

म्हणून दोन सोसायट्यांच्या मधून तीन मीटरची पायवाट काढणं ही किरकोळ गोष्ट नाही. दिवे असलेली, फरशी घातलेली, दोन्हीकडून नजर राहील अशी वाट असेल, तर ती एका स्थानकाला शेकडो नवे प्रवासी मिळवून देते. खर्चाच्या मानाने एवढा परतावा पुलातून मिळत नाही. पण पायवाटेचं भूमिपूजन होत नाही आणि फ्लेक्सही लागत नाही, हीच तिची अडचण.

जे चालण्याच्या टप्प्यात नाहीत त्यांना जोडबस लागते, म्हणजे स्थानक आणि आतल्या वस्त्यांच्या मध्ये फेऱ्या मारणारी छोटी बस. इथे वारंवारता हाच मुख्य मुद्दा आहे. दर वीस मिनिटांनी बस असेल तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. वाहतूक तज्ज्ञ थांबण्याचं एक मिनिट प्रवासाच्या दोन मिनिटांइतकं जड धरतात. रस्त्याच्या कडेला उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दर सहा मिनिटांनी बस असेल तर माणूस वेळापत्रक बघतच नाही, निघतो आणि बसतो. बस किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेळा येते, हे इथे महत्त्वाचं आहे.

केंद्राच्या 2017च्या मेट्रो धोरणात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. स्थानकाभोवतीच्या 5 किलोमीटरच्या परिसरात जोडसेवा कशी देणार, हे मेट्रोच्या प्रस्तावातच सांगायचं आहे. म्हणजे ही आपण मागायची मेहरबानी नाही, मंजुरीचीच एक अट आहे.

तिकिटाचाही विचार हवा. मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून सुरू होतं आणि 1 जून 2025च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, किमान तिकीटही 10 रुपयेच झालं. बस, मेट्रो आणि पुन्हा बस असा प्रवास केला की प्रत्येक वेळी किमान भाडं नव्याने भरावं लागतं. बदलून जाणाऱ्याला आपण दंडच करतो. बस आणि मेट्रो मिळून एकच तिकीट, आणि बदलताना किमान भाडं माफ, एवढं केलं तरी दुचाकीच्या पेट्रोलशी स्पर्धा करता येईल.

## रस्ता ओलांडायचा कसा?

सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्या प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी रस्ता ओलांडावा लागतो. सकाळी बस घराच्या बाजूला मिळाली, तर संध्याकाळी ती समोरच्या बाजूला सोडते. यातून कोणाचीच सुटका नाही. तरीही रस्ता ओलांडणं हा आपल्याकडे नियोजनाचा विषयच मानला जात नाही.

सर्व्हिस रोड धरून 60 मीटर रुंदीचा रस्ता माणसाच्या सामान्य चालीने, म्हणजे सेकंदाला 1.2 मीटर या वेगाने, ओलांडायला 50 सेकंद लागतात. आजीबाईंना त्याहून जास्त. चौक बंद करून यू-टर्न दिले की गाड्यांना सिग्नल लागत नाही, पण पायी चालणाऱ्याला मिळणारा लाल दिव्याचा आधारही जातो. गाड्यांचा ओघ कुठेच तुटत नाही. गाडीचे चार मिनिट वाचले, पण बसने जाणाऱ्या बाईला कामावरून परतताना रोज जीव मुठीत धरून पळावं लागलं, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

मग पादचारी पूल बांधा, असं लगेच सुचवलं जातं. पुण्यातल्या जुन्या पादचारी पुलांवर एकदा नजर टाका. पन्नास पायऱ्या चढून पन्नास उतरायच्या, हे पिशवी हातात आणि मूल कडेवर असताना कोणी करत नाही. जिथे सिग्नल शक्य आहे तिथे रस्त्याच्याच पातळीवर, मध्ये थांबायला सुरक्षित बेट असलेलं, किंचित उंच केलेलं क्रॉसिंग द्यायला हवं. मेट्रोची स्थानकं मात्र इथे मोठी मदत करू शकतात. स्थानक रस्त्याच्या वर असतं आणि त्याला दोन्ही बाजूंना लिफ्ट आणि सरकते जिने असतात. त्याचा तिकिटाआधीचा भाग मेट्रोने न जाणाऱ्यांनाही पहाटेपासून रात्रीपर्यंत खुला ठेवला, तर तोच उत्तम पादचारी पूल ठरेल. त्यासाठी जिने कुठे उतरतात हे आज, नकाशावरच ठरवावं लागतं.

## ‘रस्ता रुंद करा, वर पूल बांधा, प्रश्न मिटेल’

हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. शिरूर, रांजणगावकडे जाणाऱ्या ट्रकला वाघोलीत काहीच काम नसतं. त्याला वरून किंवा बाहेरून काढून दिलं तर दोघांचंही भलं. एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, सुमारे 170 किलोमीटरचा रिंग रोड याच कारणासाठी मला उड्डाणपुलाहून महत्त्वाचा वाटतो. शहरात शिरायचंच नसलेल्या ट्रकला तो शहराच्या बाहेरूनच नेतो.

पण वाघोलीहून खराडीला किंवा येरवड्याला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पूल कुठेतरी खाली उतरतोच. जिथे उतरतो तिथे वरच्या आणि खालच्या गाड्या एकत्र येतात आणि कोंडी दोन चौक पुढे सरकते. शिवाय रस्ता मोकळा झाला की लोकांच्या सवयी बदलतात. आधी बसने जाणारा गाडी काढतो, लवकर निघणारा उशिरा निघतो आणि बिल्डर आणखी चार किलोमीटर पुढे स्कीम टाकतो. काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे हा रस्ता 2008च्या सुमारास रुंद केला. काही ठिकाणी तो सर्व्हिस रोड धरून 26 लेनपर्यंत गेला. पाच-सहा वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. त्यांच्याकडे जमिनीला आणि पैशाला तोटा नव्हता.

पूल बांधायचाच असेल, तर तो मेट्रोबरोबर एकाच आराखड्यात बांधा, ही किमान अपेक्षा. महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. नागपुरात वर्धा रोडवर आणि नंतर कामठी रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशी रचना महामार्ग प्राधिकरण आणि मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीने मिळून उभी केली. एकाच खांबावर दोन्ही कामं झाली. नगर रोडवर हे जमलं नाही, तर विद्यापीठ चौकाची पुनरावृत्ती किलोमीटरच्या हिशोबात होईल.

## ‘बीआरटी फसली, मग बसवर कशाला विश्वास ठेवायचा?’

बीआरटी म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, तिच्यावर फलाटाच्या उंचीचे थांबे आणि सलग धावणाऱ्या बस. पुण्याने 2006मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर हा प्रयोग केला. देशात तो पहिल्या प्रयोगांपैकी एक होता. नगर रोडवर ती 2016मध्ये आली.

तिचं काय बिघडलं हे नीट बघितलं पाहिजे. थांबे रस्त्याच्या मधोमध होते आणि तिथपर्यंत पोहोचायला सुरक्षित क्रॉसिंग नव्हतं. खासगी गाड्या मार्गिकेत घुसत राहिल्या. चौकात बसला प्राधान्य नसल्याने मार्गिकेत वाचलेली मिनिटं सिग्नलला गेली. मेट्रोचे खांब आले तेव्हा मार्गिका तुटली, आणि तुटक बीआरटीचा काही उपयोग नसतो. बसला जागा देण्याची कल्पना यात फसलेली नाही. ती अर्धवट राबवली गेली, हे फसलं.

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर 2019मध्ये अशीच बसची प्राधान्य मार्गिका आखली होती. तीही मेट्रोच्या बांधकामात गेली. दोन्ही शहरांनी एकच गोष्ट केली. मेट्रो बांधताना रस्ता अरुंद होतो आणि नेमक्या त्याच काळात बसची सर्वांत जास्त गरज असते. त्याच वेळी त्यांनी बसची जागा काढून घेतली.

आता नगर रोडच्या मधोमध पुन्हा बीआरटी आणा असं मी म्हणणार नाही. मेट्रो आल्यावर बसचं मुख्य काम महामार्गाला समांतर धावण्याचं राहणार नाही, आतून महामार्गापर्यंत आणण्याचं असेल. पण बांधकामाच्या काळात गर्दीच्या तासांना डावी लेन बसला, आणि मोठ्या चौकांत बसला आधी सोडणारा सिग्नल, एवढं देता येतं. लोकांना बसची सवय आत्ता लागली, तर मेट्रो सुरू होईल त्या दिवशी तिला तयार प्रवासी मिळतील.

## हे सगळं जुळवणार कोण?

नगर रोडवर किती खात्यांचा हात आहे बघा. महामार्गाची यंत्रणा वेगळी आणि शहरातला भाग महापालिकेचा. मेट्रो महामेट्रोची, बस पीएमपीची. उन्नत मार्ग राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाचा, तर रिंग रोड एमएसआरडीसीचा. पालिकेच्या हद्दीबाहेर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि वाहतूक पोलीस सगळीकडेच. प्रत्येकाचं बजेट आणि निविदा वेगळी.

वाघोली 30 जून 2021 रोजी इतर 22 गावांसह पुणे महापालिकेत आली. या गावांचा विकास आराखडा म्हणजे कुठून रस्ता जाणार, कुठे शाळा, कुठे बाग हे ठरवणारा नकाशा. पीएमआरडीएने 2021मध्ये जाहीर केलेला प्रारूप आराखडा सरकारने 2025मध्ये रद्द केला. मधल्या वर्षांत इमारती मात्र थांबल्या नाहीत. आज ज्या शेतातून समांतर रस्ता सहज काढता आला असता, तिथे उद्या पार्किंगचा पोडियम असेल, आणि मग तो रस्ता कायमचा गेला. महामार्गाला समांतर आतले रस्ते हेच माजघराला दुसरी वाट काढून देणं आहे. त्यामुळे मला आराखड्यातला हा उशीर मेट्रोच्या उशिरापेक्षाही महाग वाटतो. मेट्रो दोन वर्षं उशिरा आली तरी येते. इमारत उभी राहिली की रस्ता येत नाही.

यावरचा उपाय कागदावर आहे. मेट्रो धोरणानेच शहरात सर्व वाहतुकीचं एकत्र नियोजन करणारी एक संस्था असण्याची अट घातली, आणि पुण्यात पुणे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण, म्हणजे पुमटा, त्यासाठीच आहे. तिच्या बैठका होतात. पण बैठक घेणं आणि ‘तुझं काम सहा महिने थांबव, आधी याचं होऊ दे’ असं एखाद्या खात्याला सांगण्याचा अधिकार असणं, यात फार फरक आहे. पैशाच्या चाव्या ज्या संस्थेकडे नाहीत तिचं कोणी ऐकत नाही.

## ‘उन्हापावसात कोण चालतंय?’ आणि ‘दुकानांचं काय?’

पहिल्या शंकेचं उत्तर लक्ष्मी रोडवर आणि जंगली महाराज रस्त्यावर मिळतं. मे महिन्यातही तिथे माणसं चालतात, कारण चालायला जागा आहे, सावली आहे, बघायला काहीतरी आहे. वाघोलीत कोणी चालत नाही असं म्हणणाऱ्याने सकाळी केसनंद फाट्यावर उभं राहून बघावं. कंपन्यांत, बांधकामांवर, घरकामाला जाणारी शेकडो माणसं चालतच असतात. त्यांच्याकडे गाडी नाही म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत.

दुकानदारांची भीती खरी आहे. समोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक जाईल, असं त्यांना वाटतं. म्हणून पार्किंग काढून टाकण्याआधी मागच्या गल्लीत जागा द्यावी, माल उतरवायला ठरावीक वेळ द्यावी, हातगाडीवाल्यांना स्थानकाच्या तोंडाशी पण वाट न अडवणारी जागा आखून द्यावी. स्थानकातून उतरणारी हजारो माणसं पायीच दुकानासमोरून जाणार असतात. हे सांगायला कामाच्या आधी कोणीतरी त्यांच्याकडे गेलं पाहिजे. बॅरिकेड लागल्यावर जाऊन उपयोग नाही.

आणखी एक शंका घनतेची. मेट्रो स्थानकांभोवती 500 मीटरमध्ये 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या चारपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आहे. हेतू असा की जास्त माणसांनी स्थानकाजवळ राहावं आणि चालत यावं. पण नळाला पाणी टँकरचं आणि रस्ता नऊ मीटरचा असताना उंच इमारती आल्या, तर त्यातली कुटुंबं दोन-दोन गाड्या घेऊनच येतील. आधी गल्ली रुंद आणि फुटपाथ सलग, मग वाढीव मजले, असा क्रम परवानगीतच बांधून घ्यायला हवा. वाढीव एफएसआयचं जे शुल्क येतं ते त्याच स्थानकाच्या परिसरात खर्च व्हावं, ही मागणी रहिवाशांनी धरून ठेवण्यासारखी आहे.

## आत्ता काय विचारायचं?

खांब उभे राहिल्यावर बदलता येत नाही, म्हणून प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. आपल्या जवळच्या स्थानकाचे जिने आणि लिफ्ट कोणत्या बाजूला, नेमक्या कोणत्या जागी उतरणार? तिथे बस आणि रिक्षा थांबायला वेगळा कट्टा आहे का, की त्या लेनमध्येच उभ्या राहणार? आपल्या गल्लीपासून तिथपर्यंत सलग फुटपाथ कोणाच्या बजेटमध्ये आहे, आणि कोणत्या वर्षाच्या? बांधकाम चालू असताना बसची डावी लेन कोण सांभाळणार? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा बहुतेक लोक आपला प्लॉट वाचवायला अर्ज करतात. सोसायटीने एकत्र येऊन ‘आमच्या भिंतीलगत तीन मीटरची पादचारी वाट दाखवा’ असा अर्ज केला, तर तोही तितक्याच कायदेशीरपणे नोंदवून घ्यावा लागतो. जागा सोसायटीची असेल तर एवढी पट्टी सोडायची तयारी मात्र आधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत व्हावी लागेल, आणि तिथे सुरक्षेचा मुद्दा निघेल. त्याला उत्तर म्हणून वाटेवर दिवे, रात्री अकरानंतर बंद होणारं फाटक आणि कॅमेरा, एवढा तपशील अर्जासोबतच जोडावा.